पाव्हण्याची चाल

तात्या, पाव्हणा अजून उभा आहे.

तुमच्या दहाव्याच्या दिवशी नदीवरून परत आल्यावर अण्णा म्हणाले होते, "त्याला आता गोठ्यात नेऊन ठेवू." मी म्हटलं, राहू द्या. अण्णांनी पुन्हा विषय काढला नाही. पेरूच्या बागेच्या कडेला, उंबराकडे तोंड करून तो उभाच आहे. अंगात तोच निळा शर्ट, डोक्याला तेच फडकं, गुडघ्याला सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या. दोन्ही दोऱ्या तुमच्या राखणीच्या माळ्याच्या खांबाला गुंडाळलेल्या आहेत. शेवटची गाठ तुमचीच असणार, म्हणून तेरावा होईपर्यंत मी ती सोडली नव्हती.

हे तुम्हाला लिहिते आहे, पण तुम्ही असता तर वाचलं नसतंत. "वाचून दाखव," म्हणाला असतात आणि दुसऱ्या वाक्याला थांबवलं असतंत. "मने, सरळ सांग ना. इतकं लांबून कशाला येती?" मला सरळ सांगता येत नाही, हे तुम्हाला माहीत होतं. घरातली कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि अजूनही वर्गात हात वर करायचा तर आधी मनातल्या मनात वाक्य तीनदा म्हणून बघते. तेव्हा आज मला जरा लांबून येऊ द्या.

माझ्या डोळ्यांसमोर तुम्ही येता ते चालतानाच. बसलेले तात्या मला आठवतच नाहीत, निदान तो अपघात होण्याआधीचे तरी. बांधावरून गोफण खांद्यावर टाकून, पाऊल न वाजवता, एका संथ लयीत तुम्ही चालायचात. शाळेत जाताना ओढ्याला पाणी असलं की मला खांद्यावर घ्यायचात. माझे हात तुमच्या टोपीवर आणि खालून तुमची चाल. डावं पाऊल पडताना थोडं खोल, उजवं पडताना हलकं. ती चाल मी कधी नीट पाहिली नाही. मी तिच्यावर बसले होते.

आणि तुम्हाला दुसऱ्यांची चाल वाचता यायची. पहाटेच्या धुक्यात रस्त्यावर नुसती सावली हलली की तुम्ही सांगायचात, "दूधवाला आला. आज त्याची पाठ धरलीये." किंवा, "ह्ये मास्तर. घरी भांडून निघालेत." तोंड दिसायच्या आधी तुम्हाला माणूस दिसायचा. आई म्हणायची, "भाऊजींना जोडे दाखवा, पाय कुणाचे ते सांगतील." तुम्ही म्हणायचात, "जोड्यात काय हाय? जोडे उसने मिळतात. चाल उसनी मिळत नाय."

हे मी तेव्हा हसण्यावारी नेलं. तीन-चार वर्षांनी तेच मला कॉलेजात शिकवलं, तेव्हा वहीत उतरवून घेतलं.

कुंभमेळ्याच्या पुढच्या वर्षी तुम्ही पडलात. वानरांची टोळी पेरूत उतरली होती आणि तुम्ही घाईत माळ्याची शिडी उतरत होतात. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यातून आलात तेव्हा आत सळई होती आणि तुमची चाल गेली होती. उजवा पाय बाहेरून गोल फिरून यायचा आणि डावा घाईने त्याच्या जागी जायचा. ती चाल बघून मला रडू यायचं, म्हणून मी बघायचं टाळत असे. वानरांनी मात्र नीट बघितलं.

पूर्वी तुम्ही बांधावर दिसलात की हुप्प्या, म्हणजे टोळीतला तो मोठा नर, खाकरल्यासारखा एकदा ओरडायचा आणि सगळी टोळी उंबरावर जायची. आता तुम्ही काठी टेकत पेरूच्या ओळीत शिरलात तरी ती खातच राहायची. गोफण फिरवायला दोन्ही पाय रोवावे लागतात, ते तुम्हाला जमेना. टोळीत एक म्हातारी मादी होती, कानाचा तुकडा गेलेली. तिला तुम्ही थोरली म्हणायचात. ती तर तुमच्यापासून चार हातांवर बसून पेरू सोलायची आणि तुमच्याकडे बघायची.

"मला वळखती ती," तुम्ही म्हणालात.

"वळखती म्हणूनच उठत नाय," अण्णा म्हणाले.

त्या दिवशी जेवताना अण्णांनी विषय काढला. ते वाईट मनाने बोलले नव्हते, हे तुम्हालाही माहीत होतं. शेवंती आणि झेंडू घेऊन ते पहाटेच टेम्पोबरोबर फुलबाजारात जायचे, आई खुडणीला, मी कॉलेजात. बाग मोकळी पडायची. "तात्या, पुढच्या बहाराला राखणीला माणूस बघतो. तू आता घरी बस. लय केलंस."

तुम्ही भाकरीचा घास मोडला आणि हातात तसाच धरून ठेवलात. "घरी बसून काय करू?" एवढंच विचारलंत. तुम्ही लग्न केलं नाहीत, जमिनीच्या कागदांत कधी लक्ष घातलं नाहीत. बाग राखणं हेच तुमचं या घरातलं काम होतं. ते गेलं असतं तर तुम्ही आमच्याच घरात पाहुणे झाला असतात.

माणूस मिळेपर्यंत अण्णांनी एक बुजगावणं उभं केलं. आता आठवलं तरी हसू येतं. गवत भरून छान धड केलं आणि त्याला तुमचंच धोतर, तुमचाच सदरा आणि तुमची टोपी घातली. अण्णांचा हिशेब साधा होता, इतकी वर्षं वानरं तात्याला घाबरली, कपडे बघून अजून घाबरतील. सकाळी बघतो तर थोरली त्याच्या खांद्यावर बसून टोपीतलं गवत उपसत होती. तुम्ही माळ्यापाशी उभे राहून पोट धरून हसलात. अपघातानंतर पहिल्यांदा.

"अरे, ज्याला ती भीत नाय त्याचेच कपडे घातलेस व्हय? माझं सोंग घेतलं, पण चाल कुठंय त्याला?"

त्याच आठवड्यात आमच्या सरांनी आम्हाला कॉम्प्युटरवर एक चित्र दाखवलं. काळ्या पडद्यावर तेरा पांढरे ठिपके. स्थिर होते तेव्हा जमिनीवर ज्वारी सांडल्यासारखे दिसत होते. मग ते हलायला लागले आणि सगळा वर्ग एकदम म्हणाला, माणूस चालतोय. तोंड नाही, कपडे नाहीत, अंग नाही. खांदे, कोपरं, मनगटं, खुबे, गुडघे, घोटे आणि डोकं, यांच्या जागी फक्त ठिपके. सर म्हणाले, सजीवाची हालचाल ओळखायची ही शक्ती फार जुनी आहे. माकडांच्या मेंदूत, कानाच्या वरच्या बाजूला, अशा पेशी आहेत की समोर कुणी चालताना दिसलं की त्या जाग्या होतात. नुसते ठिपके दाखवून माणूस ओळखायला मात्र माकडांना शिकवावं लागतं. त्यांना ते आपल्याइतकं सहज जमत नाही.

मग ते म्हणाले, प्रत्येकाने स्वतः काहीतरी निरीक्षण करून प्रकल्प लिहायचा आहे. मी मनात तीनदा वाक्य म्हटलं आणि हात वर केला. "सर, आमच्या बागेत वानरं येतात." वर्ग हसला. सर हसले नाहीत. "प्रयोगातली माकडं वेगळी आणि तुमची वानरं वेगळी, हे पहिल्या पानावर लिहा," ते म्हणाले, "पण बघा जरूर."

एसटीतून उतरून मी घरी न जाता थेट तुमच्याकडे आले. सगळं सांगितलं. तुम्ही विडी विझवून ऐकलंत.

"म्हंजे ठिपक्यावरून माणूस वळखायचा?"

"हो. आणि माकडांना ते कठीण जातं."

"त्यांना टीव्ही बघायची सवय नाय म्हणून," तुम्ही म्हणालात. "त्यांना हितं आणून बसव म्हणावं. माणूस काय, माणसाच्या मनात काय हाय ते सांगतील."

तिथून आपला वाद सुरू झाला आणि खरं तर तो अजून संपलेला नाही. तुमचं म्हणणं, थोरली तुम्हाला ओळखते. मी म्हणायचे, ती तुम्हाला नाही ओळखत, ती फक्त हालचाल ओळखते. काहीतरी जिवंत चालत येतंय, ते किती वेगाने येतंय, त्याच्यापासून धोका आहे की नाही, एवढंच. आणि एकदा मी बोलून गेले, "तुम्ही लंगडता तात्या. पळू शकत नाही, हे तिला दिसतं. बस."

तो शब्द आपल्या घरात तोवर कुणी उच्चारला नव्हता. तुम्ही थोडा वेळ काठीचं टोक मातीत फिरवत राहिलात. मग म्हणालात, "ते बी वळखणंच झालं की."

माफी मागायला मला दोन दिवस लागले आणि तीही मी शब्दांत मागितली नाही. तुम्हाला ते ठिपके दाखवायचं ठरवलं. आपल्याकडे कॉम्प्युटर नव्हता, शेवंती होती. भर दुपारी गोठ्याच्या दाराला आणि झरोक्याला गोणपाटं लावली. तुम्हाला काळी घोंगडी पांघरली, अण्णांची पावसाळी काळी पँट घातली, तोंडावर आईचं काळं फडकं, आणि सेफ्टी पिनांनी तेरा पांढरी फुलं लावली.

"नवरदेव करती का काय मला? ह्या वयात पोरगी कोण देईल?"

"हलू नका, पिन टोचेल."

"गाईला तरी बाहेर ने. ती भिऊन दावं तोडंल."

गाय भ्यायली नाही, तुमच्याकडे एकदा बघून रवंथ करत राहिली. तुम्ही लगेच म्हणालात, "बघ, ही बी वळखती." तेवढ्यात अण्णा दोर घ्यायला आले. मी त्यांना दारातच थांबवलं. उन्हातून आलेल्या त्यांच्या डोळ्यांना आत काळोखच दिसत असणार. "अण्णा, समोर काय दिसतंय?"

"फुलं टांगलीत. कशाला?"

"तात्या, चाला."

तुम्ही चाललात. गव्हाणीपासून भिंतीपर्यंत, सात-आठ पावलं. काळोखात तेरा फुलं चालली. उजव्या घोट्याचं फूल बाहेरून गोल फिरून आलं आणि डाव्या खांद्याचं फूल प्रत्येक पावलाला खाली गेलं. मीही तेव्हाच पहिल्यांदा ते नीट बघितलं, कारण त्यात तुम्ही दिसत नव्हतात, फक्त चाल दिसत होती.

अण्णा डोळे बारीक करून आत वाकले. मग म्हणाले, "तात्या हाय." आणि आणखी थोड्या वेळाने, अगदी हळू, "तात्या, लय दुखतं का रे चालताना?"

वर्षभरात त्यांनी हे एकदाही विचारलं नव्हतं. तुम्ही तोंडावरचं फडकं काढलंत आणि म्हणालात, "थंडीत दुखतं. एरवी चालतंय." दोन भावांचं त्यावर तेवढंच बोलणं झालं. पण त्या दिवसापासून माणूस आणायचं बोलणं मागे पडलं. "होळीपत्तोर बघू," अण्णा म्हणाले, आणि तुमचा माळा उतरवून त्यांनी तो कमरेइतक्या उंचीवर पुन्हा बांधला, शिडी न लागता बसता येईल असा.

होळीपर्यंतची मुदत तुम्ही वाया घालवली नाहीत. पाव्हणा तुमच्या डोक्यातून निघाला, हे मला आज स्पष्ट लिहायचं आहे. मी फक्त एवढंच म्हटलं होतं की बुजगावणं वाऱ्याने हलतं ते सगळं एकदम हलतं. चालणाऱ्याचे गुडघे-कोपरं एकमेकांच्या हिशेबाने हलतात. तुम्ही म्हणालात, "मग गुडघे-कोपरं करू." बांबूचे तुकडे, सायकलची ट्यूब आणि दोन दोऱ्या. डाव्या हाताची दोरी ओढली की डावा गुडघा आणि उजवं कोपर वर, उजवी ओढली की उलट. एका खांबावर तो टांगला, तळवे जमिनीला जेमतेम लागतील असा. आठ दिवस तुम्ही गोठ्यात बसून दोऱ्या ओढायचा सराव केलात. गाईची धार काढतात तशा, एकाआड एक. मला तो आधी मिरगी आल्यासारखा वाटायचा. मग एका संध्याकाळी मी कॉलेजातून आले आणि लांबूनच दिसलं की कुणीतरी आपल्या अंगणात जागच्या जागी चालतंय. मला वाटलं, कुणी पाहुणा आला. तिथून त्याचं नाव पडलं.

पहिल्या सकाळी मी वही घेऊन माळ्यावर तुमच्याशेजारी बसले होते. टोळी उंबरावरून उतरली. थोरली पुढे. पाव्हणा नुसता उभा होता तोवर तिने त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. मग तुम्ही दोऱ्या हातात घेतल्यात. डावी, उजवी, डावी. थोरली अर्धा पेरू तोंडात धरून थबकली. पुढचे दोन पाय उचलून उभी राहिली. हुप्प्या खाकरला आणि एका क्षणात सगळी टोळी वर. फांद्या हलत राहिल्या, तुम्ही दोऱ्या ओढत राहिलात, आणि मला लिहायचं सुचलं नाही.

"लिही की," तुम्ही म्हणालात. "पाव्हणा चालला, मंडळी उठली. लिही."

होळी आली आणि गेली. माणसाचा विषय पुन्हा निघाला नाही. दर रविवारी तुम्ही अण्णांकडून पाव्हण्याची जागा बदलून घ्यायचात, वानरं शहाणी होऊ नयेत म्हणून. पुढच्या दोन्ही बहारांना बाग तुम्हीच राखलीत, बसून.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. एकदा माळ्याजवळून फुलं आणताना मी सहज बाजूला पाहिलं आणि पाव्हण्याची चाल ओळखीची वाटली. डावं पाऊल थोडं खोल, उजवं हलकं. तुम्ही त्याला तुमची जुनी चाल दिली होती. पायातून गेलेली तुम्ही हातात ठेवली होती. मी ते तुम्हाला बोलून दाखवलं नाही. का, ते सांगता येत नाही. बोलले असते तर तुम्ही ती चाल लाजून बदलली असतीत, असं वाटलं.

आता ती दुसरी गोष्ट, जी सांगायला मी इतक्या लांबून आले.

प्रकल्प इंग्रजीत लिहायचा होता. पाव्हण्याचं वर्णन करताना माझी लेखणी अडली. सगळे जण पुस्तकांची नावं देत होते, मोठ्या लोकांची. त्यांच्यात मी माझ्या चुलत्याचं नाव कसं घालू, असं मला वाटलं. लाज वाटली, हे खरं आहे. मी लिहिलं, 'अ लोकल फार्मर'. एका स्थानिक शेतकऱ्याने ही रचना केली. सरांना प्रकल्प आवडला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या मॅडमनी पाव्हण्याबद्दल तीन प्रश्न विचारले आणि मी न अडखळता उत्तरं दिली. आयुष्यात पहिल्यांदा.

घरी आल्यावर तुम्ही विचारलंत, "माझं नाव टाकलं का?"

मी म्हटलं, "हो."

तुम्ही ती फाइल मागून घेतलीत आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तुमच्या ट्रंकेत ठेवलीत. आल्या-गेल्याला सांगायचात, "आमच्या मनीने पुस्तक केलंय, त्यात मी हाय." मी तिथून उठून जायचे.

मग मागच्या पावसाळ्यात, आपण शेवंतीच्या रोपांना आधाराच्या काठ्या लावत होतो. तुम्ही बांधावर बसून सुतळी तोडून देत होतात. मध्येच, वर न बघता, तुम्ही विचारलंत, "मने, लोकल म्हंजे काय गं?"

माझ्या हातातली काठी तशीच राहिली. म्हणजे तुम्ही कुणाकडून तरी वाचून घेतलं होतं. कधी, कुणाकडून, मला आजही माहीत नाही.

"लोकल म्हणजे इथला," मी म्हटलं.

तुम्ही सुतळीचा पुढचा तुकडा तोडलात. "मग बरोबर हाय. मी हितलाच." आणि हसलात. टोचून बोललात असं मला तेव्हाही वाटलं नाही, आताही वाटत नाही. पण मी खाली वाकले. पुढची काठी रोवली. तुम्ही पुढची सुतळी दिलीत.

तात्या, तेव्हा म्हणायचं होतं ते हे, की मला लाज वाटली होती, आणि आता त्या वाटलेल्या लाजेची लाज वाटते. तुमची ट्रंक उघडली तेव्हा फाइल त्याच पिशवीत होती. मी 'अ लोकल फार्मर' खोडलं आणि पेनने वर तुमचं पूर्ण नाव लिहिलं. रंगनाथ, मग आजोबांचं, मग आडनाव. खाली लिहिलं, राखणदार. कॉलेजातल्या प्रतीतही तसंच करायला मिळेल का, हे सरांना विचारणार आहे. वाक्य मनात तीनदा म्हणून झालं आहे.

आपल्या वादाचा निकाल लावायचा म्हणून तुम्हीच एक प्रयोग सुचवला होतात. "पुढच्या बहाराला तू दोऱ्या तुझ्या चालीने ओढ, मी माझ्या चालीने ओढीन. थोरली कुणाला उठती बघू. दोघांना उठली तर तू खरी. मला एकट्याला उठली तर मी." मी म्हटलं होतं, एकदा बघून चालत नाही, पुष्कळदा बघावं लागतं. तुम्ही म्हणालात, "मग पुष्कळदा बघू. मला कुठं जायचंय?"

बहार आला, पेरू पिकले, तुम्ही थांबला नाहीत. मी यावर फार रडले असं सांगितलं तर खोटं होईल. दवाखान्यातल्या शेवटच्या दोन दिवसांत तुमचे हात चादरीवर एकाआड एक हलत होते, डावा, उजवा. नर्स म्हणाली, भ्रम झालाय. अण्णा माझ्याकडे बघून जरासे हसले. आम्हाला दोघांना माहीत होतं, तुम्ही कामावर होतात.

काल सकाळी मी माळ्यावर जाऊन बसले. तुमची गाठ सोडली. सोडायला वेळ लागला. खाली अण्णा झेंडूच्या ओळीत वाकलेले होते, काल त्यांनी माल टेम्पोवाल्याबरोबर नुसता पाठवून दिला होता. टोळी उंबरावरून उतरली. थोरली आता फार म्हातारी झाली आहे, सगळ्यांच्या मागून आली.

आधी मी माझ्या चालीने दोऱ्या ओढल्या. मी भरभर चालते, एसटी चुकेल या भीतीने चालल्यासारखी. पाव्हणा भरभर चालला. लहान पिल्लं दचकली, आईजवळ गेली. थोरलीने मान वर केली, बघितलं आणि पेरू सोलायला लागली. तिचं बघून बाकीची बसून राहिली.

मी दोऱ्या सोडल्या, हात पुसले. तुमची चाल आठवायला लागले. डोळ्यांना ती आठवेना. मग डोळे मिटले आणि ओढ्याचं पाणी आठवलं, तुमची टोपी, आणि खालून येणारा तो झोका. डावीकडे थोडा खोल, उजवीकडे हलका. ते माझ्या पाठीत होतं, तिथून हातात आलं. डावी दोरी जरा जास्त, उजवी जरा कमी. डोळे उघडले तेव्हा पाव्हणा बांधावरून चालल्यासारखा चालत होता.

थोरलीने पेरू खाली टाकला. उभी राहिली. हुप्प्या खाकरला आणि टोळी उंबरावर गेली. ती मात्र लगेच गेली नाही. एवढा वेळ बघत राहिली की मला वाटलं, आता पाव्हण्यापाशी येते. मग सावकाश, म्हाताऱ्या माणसासारखी, वर चढली.

एकदा झालं म्हणजे सिद्ध झालं असं नाही, सर म्हणतील. पहिल्या खेपेला तिचं लक्ष नसेल. मी पुष्कळदा बघणार आहे. तिला तुम्ही दिसलात की नुसतं एक चालणारं माणूस, हे मला सांगता येत नाही, आणि तिला ते विचारता येत नाही. पण अर्धा वाद मी सोडून देते आहे, तेवढा घ्या.

अण्णा केव्हा ताठ उभे राहिले ते मला कळलं नव्हतं. झेंडूच्या ओळीत, हातात फुलांची पाटी तशीच धरून ते पाव्हण्याकडे बघत होते. मी थांबले नाही, थांबले असते तर दोघांनाही काहीतरी बोलावं लागलं असतं. मग पाटी खाली ठेवून ते म्हणाले, "जरा हळू ओढ, मने. धा पावलं झाली की तो थांबायचा. पेरूच्या फांदीला हात लावायचा, मग पुढं जायचा."

मी दहा पावलं मोजली. पाव्हण्याला थांबवलं. मग पुन्हा डावी दोरी ओढली.